पन्नास खंड आणि एक घोडा

अरबी भाषेत उंटासाठी शेकडो शब्द आहेत, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी भाषाविज्ञानाच्या वर्गात ऐकलेले असते आणि पुढे अध्यापक झाल्यावर ऐकवलेलेही असते. या वाक्याचा तोटा असा, की ते आश्चर्यापाशीच संपते. वाळवंट आहे, उंट आहे, म्हणून शब्द आहेत. एवढे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ते शब्द कोणते, ते कोणाच्या तोंडी होते, ते कोणी व कशासाठी लिहून ठेवले, हे कुणी विचारत नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते उंटापेक्षा आपल्या गोठ्याबद्दल अधिक सांगणारे होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

चाकूरसारख्या गावी मराठी शिकवणाऱ्या बाईने अरबी अवयवनामांच्या वाटेला का जावे, हा प्रश्न रास्त आहे. निमित्त एका विद्यार्थ्याच्या निबंधाचे झाले. ग्रामीण तरुणांच्या ‘मानसिक खच्चीकरणा’वर त्याने चांगले लिहिले होते. वर्गात त्याने विचारले, “मॅडम, खच्चीकरण हा शब्द संस्कृत आहे का?” शेवटी ‘करण’ असल्यामुळे त्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला आणि म्हणाला, “आमच्याकडं गोऱ्ह्याला करतेत ते.” दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ‘करण’ संस्कृत आहे. ‘खच्ची’ मात्र अरबी ‘खसी’वरून आलेला, म्हणजे वृषण काढलेला किंवा निकामी केलेला नर. समीक्षेत आणि अग्रलेखांत आपण आज ज्या शब्दाने समाजाच्या मनाविषयी बोलतो, तो गोठ्यातल्या एका कर्माचे नाव आहे आणि तो अरबस्तानातून फारसी-दखनीच्या वाटेने आपल्या गोठ्यात आला आहे.

आपल्या भागात याचे नवल वाटू नये. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. दफ्तराची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. सत्तेची भाषा जनावरांच्या अंगाला आधी शिवते, कारण घोडा, बैल, उंट हे लष्कराचे आणि महसुलाचे विषय असतात. मुघल दफ्तरांत घोड्यांची गणती ‘रास’ या शब्दाने होई. ही आपली धान्याची रास नव्हे, तर अरबी ‘रास’ म्हणजे डोके. घोड्याचा दोष तो ‘ऐब’, दोरंगी घोडा तो ‘अबलख’, आणि पायाखालचे लोखंड ती ‘नाल’. अरबीत ‘नअल’ म्हणजे मूळ पायताण. जनावराला घातले तरी शब्द तोच राहिला. नाल ठोकणारा तो नालबंद.

हे सारे शब्द आमच्या उर्दू विभागातल्या एका सहकाऱ्याशी बोलताना उलगडत गेले. त्यांनीच मला पहिल्यांदा ‘किताब अल-फर्क’ या नावाच्या ग्रंथप्रकाराविषयी सांगितले. फर्क म्हणजे भेद. हा शब्द आपण ‘फरक’ म्हणून रोज वापरतो. हिजरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांच्या सुमारास, बसऱ्याच्या भाषापंडितांनी या नावाचे छोटे ग्रंथ रचले. कुत्रुब, अस्मई, अबू हातिम सिजिस्तानी यांनी असे ग्रंथ लिहिले आणि पुढे दहाव्या शतकात इब्न फारिसनेही लिहिला. विषय एकच: माणसाच्या अवयवाला काय म्हणतात आणि त्याच अवयवाला निरनिराळ्या प्राण्यांत काय म्हणतात.

उदाहरणार्थ, माणसाचा ओठ तो ‘शफा’. उंटाचा ओठ ‘मिशफर’. घोडा, गाढव, खेचर अशा अखंड खुराच्या जनावराचा ओठ ‘जहफला’. हिंस्र पशूचे पुढे आलेले तोंड ते ‘खत्म’ आणि पाखराची चोच ‘मिन्कार’. पायाचेही तसेच. माणसाचे ‘कदम’, घोड्याचा ‘हाफिर’, उंटाचा गादीसारखा मऊ पाय तो ‘खुफ्फ’, आणि गाय, शेळी, मेंढी यांचा दुभंगलेला खूर तो ‘जिल्फ’. स्त्रीचे स्तन ‘सदी’, गाय-शेळीची कास ‘दर्अ’, सांडणीचे सड ‘खिल्फ’, घोडीचे आणि कुत्रीचे ‘तुब्य’. उंटाच्या वयाचे शब्द तर दातांवरून आणि आईच्या स्थितीवरून ठरतात. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मादीला ‘बिन्त लबून’ म्हणायचे, म्हणजे दूध देणारीची लेक. कारण एव्हाना तिची आई पुन्हा व्यालेली असते आणि दुधाची असते. जकातीच्या नियमांत छत्तीस उंटांमागे एक ‘बिन्त लबून’ द्यावी असे सांगितले आहे. त्यामुळे ज्या मदरशाच्या दहा कोसांत उंट नाही, तिथेही मुले हा शब्द शिकतात. जनावर नाही, शब्द आहे.

हे ऐकताना मला वेगळीच जाणीव होत होती. हा ग्रंथ आपण मराठीत बोलतो. फक्त कुणी लिहिलेला नाही. बाई गरोदर असते, गाय गाभण असते. बाई बाळंत होते, गाय व्यायते. बाईची वार पडते, गाईचा जार पडतो. गाईचे ते शेण, घोड्याची ती लीद, शेळीच्या त्या लेंड्या. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. माणसाचे तोंड, पाखराची चोच, हत्तीची सोंड, बैलाचे मुस्कट. हे सगळे आपल्याला पाठ आहे आणि पाठ असल्यामुळेच दिसत नाही. बहुतेक शहरी घरांत आता यांतले दोन-तीन शब्द उरले आहेत, तेही बालगीतांत.

नंतरच्या आठवड्यात वर्गात बोलींचे प्रकरण होते. मी फळ्यावर रकाने आखले: माणूस, बैल, घोडा, शेळी, पाखरू. उरलेले मुलांनी भरले. ही मुले आसपासच्या वस्त्या-वाड्यांवरून एसटीने येतात. एरवी ‘बोलीचे महत्त्व’ या प्रश्नाचे उत्तर ती गाईडमधून पाठ करतात. त्या दिवशी फळा अपुरा पडला. एका मुलाचे आजोबा नालबंद होते. त्याने सांगितले, “घोड्याला एक नाल लागते, बैलाला एका पायाला दोन. बैलाचा खूर फाटलेला असतो.” मराठीत आपण दोघांनाही ‘खूर’ म्हणतो, अरबीने ‘हाफिर’ आणि ‘जिल्फ’ असे दोन शब्द केले. जो भेद आपल्या भाषेने शब्दात केला नाही, तो या मुलाच्या आजोबांच्या हातोडीने रोज केला होता. शब्द नसला तरी ज्ञान असू शकते, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकाने विसरता कामा नये. भाषेला सर्व ज्ञानाची मालकी देऊन टाकण्याची खोड आपल्याला फार.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याहून अधिक उपयोगी पडेल असा एक मुद्दा अब्दुल काहिर जुर्जानीच्या ‘असरार अल-बलागा’ या ग्रंथात आहे. जुर्जानी अकराव्या शतकातला, इसवी सन 1078 च्या सुमारास वारला. रूपकाची चर्चा सुरू करताना तो याच अवयवनामांपासून निघतो. एका प्राण्याच्या अवयवाचे नाव दुसऱ्या प्राण्याला दिले, तर ते रूपक झाले का? त्याचे उत्तर असे: कवीने घोड्याच्या ओठाला नुसते माणसाच्या ओठाचे नाव दिले, किंवा बाईच्या नाकाला जनावराच्या नाकावरील दोरीच्या जागेचे नाव दिले, तर शब्दाची फक्त जागा बदलली, अर्थात भर पडली नाही. अशा उसनवारीला तो ‘लाभ नसलेली’ म्हणतो. पण एखाद्याची निंदा करताना त्याच्या ओठांना उंटाचे ‘मिशफर’ म्हटले, तर त्या शब्दाबरोबर उंट येतो, त्याचा जाडपणा आणि बेढबपणा येतो. इथे उसनवारी फळाला येते.

हे वाचून मला आमच्या घरच्या शिव्या आठवल्या. “मुस्कट फोडीन” म्हणताना आई आम्हा भावंडांना क्षणभर बैलांच्या रांगेत उभे करी. “थोबाड आवर”, “शेपूट घालून आला”, “कान टवकारून ऐकतोय”, “नाकात वेसण घातली पाहिजे” ही जुर्जानीची ‘लाभदायक’ उदाहरणे आहेत. पण ती लाभदायक राहण्यासाठी एक अट आहे: ऐकणाऱ्याला मुस्कट हे मूळ कोणाचे, हे ठाऊक असले पाहिजे. ज्याने मुसके बांधलेला बैल मळणीत फिरताना पाहिला नाही, त्याच्यासाठी ‘मुसक्या बांधणे’ हा पोलिसांच्या बातमीतला एक जाड शब्द आहे, इतकेच. ‘खच्चीकरणा’चे तेच झाले. रूपक वाळून गेले आणि त्याची टरफले आपण गंभीरपणे वापरत राहिलो. वाक्प्रचार मरतो तेव्हा तो भाषेतून नाहीसा होतो असे नाही. तो तसाच राहतो, आत जनावर नसते.

आता अस्मईची गोष्ट. ती अरबी चरित्रकोशांत येते आणि तिची रूपे थोडी वेगवेगळी आहेत. हारून अल-रशीदचा वजीर फज्ल इब्न रबीअ याच्या दरबारात अस्मई आणि अबू उबैदा हे दोन पंडित होते. दोघेही बसऱ्याचे आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. वजिराने विचारले, घोड्यांवर तुमचा ग्रंथ केवढा? अस्मई म्हणाला, एक खंड. अबू उबैदा म्हणाला, पन्नास खंड. वजिराने घोडा मागवला आणि अबू उबैदाला सांगितले, ऊठ आणि याच्या एकेका अवयवावर हात ठेवून त्याचे नाव सांग. अबू उबैदा म्हणाला, मी काही बैतार, म्हणजे पशुवैद्य, नाही. हे मी अरबांकडून ऐकून घेतले आहे. मग अस्मई उठला. त्याने आयाळीला हात घातला आणि एकेका अवयवाचे नाव घेत, त्यावरचे कवींचे दाखले म्हणत, खुरापर्यंत पोचला. वजिराने घोडा त्यालाच दिला. पुढे अबू उबैदाला खिजवायचे असले की अस्मई त्याच घोड्यावर बसून त्याच्याकडे जाई.

गोष्ट ऐकताच आपण अस्मईच्या बाजूला उभे राहतो. पुस्तकी पंडिताची फजिती कुणाला आवडत नाही? पण मला अबू उबैदाचे उत्तरही प्रामाणिक वाटते. त्याने आपला स्रोत सांगितला. अस्मईनेही हे ज्ञान घोडे पाळून मिळवलेले नव्हते. तोही बसऱ्याच्या बाहेरच्या मिरबदला जाऊन भटक्या अरबांच्या तोंडून शब्द वेचणाराच होता. मिरबद हा मुळात उंटांचा बाजार. तिथे काफिले उतरत, जनावरांचे सौदे होत, कवी आपल्या रचना ऐकवत आणि व्याकरणकार कान देऊन उभे राहत. ज्या अरबांची भाषा निर्मळ मानली जाई, त्यांतले काही पुढे शहरातच राहिले आणि भाषेच्या जाणकारीवर आपले पोट भरू लागले. म्हणजे व्याकरणाचे एक मोठे शास्त्र जनावरांच्या बाजाराच्या धुळीत उभे राहिले आणि सांगणाऱ्याला त्याचे मोलही मिळाले.

आणखी एक योगायोग. अबू उबैदाचे ‘किताब अल-खैल’, म्हणजे घोड्यांविषयीचे पुस्तक, ज्या रूपात आज उपलब्ध आहे, ते छापले गेले हैदराबादेत, दायरतुल मआरिफ या संस्थेत, हिजरी 1358 म्हणजे 1939 मध्ये. तेव्हा हैदराबाद ही आमचीच राजधानी होती. राजधानीत अरबी घोड्याच्या अंगप्रत्यंगांचे शब्द नीट जुळवून छापले जात होते. त्याच संस्थानात देवणी आणि कंधार भागांतले शेतकरी आपल्या जनावरांच्या अंगांची नावे घेत होते, आणि ती मात्र कुठल्या छापखान्यात पोचत नव्हती. यात त्या छापखान्याचा दोष नाही. ते काम मराठीवाल्यांचे होते.

आमच्याकडे मिरबद नव्हते असे नाही. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार आहे; लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा आहे, जिथे घोडे, गाढवे, उंट सगळेच येतात. देवणी जातीत तीन वाण मानतात: काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या आणि अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. नांदेडकडे लाल कंधारी. बैल बघणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग वशिंड, गळ्याची पोळी, पुठ्ठे, खूर, शेपटीचा गोंडा. सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. अस्मईची परीक्षा या बाजारात अनेक माणसे रोज उत्तीर्ण होत आली आहेत. त्यांना घोडा बक्षीस मिळाला नाही. फार तर बैल चार पैसे स्वस्त मिळाला असेल.

मी मात्र या बाजारात कधी गेले नाही. बायका जात नसत. म्हणून माझ्याकडे या शब्दसंग्रहाची दुसरी अर्धी बाजू आली, आईकडून. गाय कितव्या वेताची, कास कधी भरली, पान्हा का चोरते, जार किती वेळात पडला पाहिजे, चीक किती दिवस काढायचा, कोणता सड जड आहे, भाकड कधी म्हणायचे. वडिलांचे शब्द किमतीकडे जात, आईचे शब्द जगण्या-मरण्याकडे. एकाच दावणीला बांधलेल्या जनावरांच्या दोन भाषा आमच्या घरात होत्या. वर्गातल्या त्या फळ्यावरही हेच झाले. पहिली दहा मिनिटे मुलगे बोलले. दात, खांदा, चाल. मग एका मुलीने हळूच ‘जार’ म्हटले आणि बाकीच्या मुली मोकळ्या झाल्या. नुसत्या बाजारात उभे राहून शब्द वेचले असते, तर हे निम्मे निसटले असते.

मोल्सवर्थने 1831 मध्ये आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यात जनावरांविषयीचे इतके शब्द आहेत की आजही आपण थक्क होतो. पण तेव्हा गोठे भरलेले होते; उशीर झाला तरी चालणार होते. आता तसे नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते. आमच्या काळ्या रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा विकत घेऊन बैलजोडी पोसणे लहान शेतकऱ्याला झेपेनासे झाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळायला आता अनेक घरी खांदेच नाहीत. मातीच्या बैलांची पूजा होते. माझ्या वर्गातल्या मुलांची पिढी हे शब्द ऐकलेली बहुधा शेवटची आहे. त्यांच्या मुलांना ‘वशिंड’ शब्द कळण्यासाठी चित्र दाखवावे लागेल.

यावर एक उत्तर तयार असते: बैल गेला तर शब्द जाऊ द्या, भाषा नवे शब्द घेईल. हे खरे आहे आणि मी त्याविरुद्ध गळा काढणार नाही. उंटही गेला, ‘बिन्त लबून’ पुस्तकात राहिली, त्याने वाळवंट परत आले नाही. माझी चिंता थोडी वेगळी आहे. आमच्याकडे येणारा विद्यार्थी घरी जे जाणतो ते ज्ञान आहे, हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगत नाही. तो पदवी घेतो तेव्हा एक गोष्ट पक्की शिकलेला असतो: वडील अडाणी आहेत. बसऱ्याच्या पंडितांनी अरब उंटवाल्याला अडाणी मानले नाही; भाषेच्या वादात त्याचा शब्द प्रमाण धरला. अस्मईच्या काळापासून आपण काही घ्यायचे असेल तर ही रीत घ्यावी. मराठवाड्यातल्या प्रत्येक मराठी विभागाने आपापल्या परिसराचा एक ‘फर्क’ तयार करायला ठरवले, तर त्याला अनुदान लागत नाही. वही लागते आणि ज्याच्याकडून शब्द घेतला त्याचे नाव लिहिण्याची शिस्त लागते.

आम्ही या वर्षी ते सुरू केले आहे. मी मुलांना एक छापील तक्ता दिला: अवयव, शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचे नाव. ज्या मुलीने ‘जार’ म्हटले होते तिचा तक्ता सर्वांत उशिरा आला. तिच्या वडिलांनी जोडी दोन वर्षांपूर्वी विकली. ‘पोळी: गळ्याखालची लोंबणारी कातडी’ हा मी नमुन्यादाखल छापलेला अर्थ त्यांना पटला नाही. बसल्या जागी सांगता येणार नाही म्हणाले आणि लेकीला घेऊन शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले. तिथे बैलाच्या हनुवटीखालून हात फिरवत छातीपर्यंत आणून, पोळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्यांनी दाखवले. तिने ते समासात लिहून आणले आहे. सांगणाऱ्याच्या रकान्यात वडिलांचे पूर्ण नाव आहे आणि त्याखाली, वेगळ्या अक्षरात, त्यांची सही.